वॉशिंग मशीनचे समतलन

वॉशिंग मशीन जमिनीवर आडव्या पातळीत, चारही पायांवर भार येईल अशा रीतीने बसविण्याच्या क्रियेस समतलन म्हणतात. पिळण्याच्या टप्प्यात यंत्र हादरते, धडधडते किंवा जागेवरून सरकते, तेव्हा सर्वप्रथम हीच क्रिया तपासावी लागते.

पुढून दार असलेल्या यंत्रात पिळताना ड्रम मिनिटाला 1000 ते 1400 फेरे घेतो. ड्रममधील ओले कपडे एका बाजूला गोळा झाले, की त्या जादा वजनामुळे केंद्रापासून बाहेर ओढणारे, म्हणजे केंद्रोत्सारी, बल निर्माण होते आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ड्रमच्या अक्षापासून 24 सेंमी अंतरावर अवघे अर्धा किलोग्रॅम वजन जास्त असले, तरी 1200 फेऱ्यांना हे बल सुमारे 190 किलोग्रॅम वजनाइतके होते आणि त्याची दिशा प्रत्येक फेऱ्यागणिक फिरत राहते. ते सोसण्यासाठी टबाला काँक्रीटचे किंवा बिडाचे जड ठोकळे जोडलेले असतात आणि टब स्प्रिंगांवर टांगून डॅम्परने, म्हणजे हालचाल शमविणाऱ्या दांड्यांनी, आवरलेला असतो. तरीही उरलेला हादरा पायांवाटे जमिनीत जातो. एखादा पाय अधांतरी असेल, तर तो सेकंदाला 20 वेळांपर्यंत जमिनीवर आदळू शकतो.

पातळी आणि टेकण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे नीट ध्यानात घ्यावे लागते. तीन बिंदूंतून एक पातळी निश्चित होते, त्यामुळे चौथा पाय लोंबता राहूनही पाणसळीतला बुडबुडा मध्यभागी दिसू शकतो. म्हणून प्रथम पाणसळ यंत्राच्या माथ्यावर आधी आडवी व मग उभी ठेवून पाय कमीजास्त करावेत, आणि नंतर समोरासमोरचे दोन कोपरे तळहाताने आळीपाळीने दाबून यंत्र डुलत नाही याची खात्री करावी. पाय शक्य तितके आत ठेवणे हिताचे, कारण लांब बाहेर आलेला पाय लवकर लचकतो. शेवटी पायावरची लॉकनट यंत्राच्या तळपत्र्याशी घट्ट आवळावी लागते; ही पायरी फार वेळा राहून जाते आणि मग पाय हादऱ्यानेच फिरून समतलन बिघडते.

महाराष्ट्रातील सदनिकांत यंत्र बहुधा ड्राय बाल्कनीत किंवा न्हाणीघरात असते, आणि तेथील फरशीला पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो. मीटरला 1 सेंमी उतार असला, तरी 60 सेंमी रुंदीत 6 मिमी फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी पुठ्ठा वा लाकडाची चकती पायाखाली सरकविण्याची पद्धत चुकीची आहे, कारण पुठ्ठा भिजून दबतो आणि चकती निसटते. हा फरक पायांच्या आट्यांवरच भरून काढावा. चाकांच्या स्टँडवर ठेवलेल्या यंत्राला स्थैर्य मिळणे त्याहून कठीण.

नवीन यंत्रात वाहतुकीसाठी टब जखडून ठेवणारे मागील बाजूचे बोल्ट काढलेले नसतील, तर कितीही समतलन केले तरी हादरा थांबत नाही, किंबहुना यंत्रास इजा होते. एकच जाड चादर किंवा सतरंजी धुताना येणारा हादरा मात्र भाराच्या असमतोलाचा असतो, आणि नव्या यंत्रांतील नियंत्रक तो ओळखून कपडे पुन्हा पसरवितो किंवा वेग कमी करतो. रिकामा ड्रम फिरवूनही धडधड कायम राहिली, तर दोष बहुधा झिजलेल्या डॅम्परचा, स्प्रिंगचा किंवा बेअरिंगचा असतो.