बिंबाचे माप

ग्रहण आले की आमच्या डोंबिवलीच्या घरी वडील पंचांग घेऊन बसत, आई पाण्याच्या भांड्यांत दर्भ घाली आणि मी दोघांना हसे. 22 जुलै 2009 च्या सकाळी खग्रासाचा पट्टा सुरतेवरून गेला. आमच्या वाट्याला खंडग्रास होते, तेही आषाढाच्या ढगांनी गिळले. पुढे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, 15 जानेवारी 2010 ला, ठाण्यात भर दुपारी सूर्याची कोर झालेली पाहिली. तिकडे धनुष्कोडीला त्याचे कंकण झाले होते.

सहा महिन्यांत एवढा फरक कसा, असे वडिलांनी विचारले. मी ऐटीत सांगितले: सूर्यबिंब वर्षभरात 31.5 ते 32.5 कलांत फिरते, चंद्रबिंब 29.4 ते 33.5 कलांत. जुलैत सूर्य दूर अन् चंद्र जवळ, म्हणून शतकातले सर्वांत लांब खग्रास, 6 मिनिटे 39 सेकंदांचे. जानेवारीत नेमके उलट, म्हणून 11 मिनिटे 8 सेकंदांचे कंकण.

"हे गणेश दैवज्ञाला ठाऊक होते," एवढेच ते म्हणाले.

खरेच होते! कोकणातल्या नांदगावच्या या ज्योतिषाने 1520 सालच्या 'ग्रहलाघवा'त रोजच्या गतीवरून बिंब अंगुळांत मोजण्याची रीत दिली आहे. चंद्र जवळ आला की वेगाने चालतो आणि मोठा दिसतो. त्याच्या गणितावर महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके चालली. आम्ही त्यातले वेध आणि मोक्ष तेवढे लक्षात ठेवले, माप विसरलो.

वडील आता नाहीत. ग्रहण आले की पंचांग मी काढतो.