पीक-गोषवारा आणि आधी न ठरलेले रकाने

सातबाऱ्यातला बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन हे तिचे रकाने छापलेले असतात. पिकाचे नाव मात्र शिवारात दिसेल ते. याच नोंदींतून गावाचा पीक-गोषवारा निघतो. त्यात प्रत्येक पिकाला उभा रकाना द्यायचा, तर रकाने किती आणि कोणत्या नावांचे, हे पाहणीनंतरच कळते.

पिके कशी बदलतात, याचे उदाहरण म्हणून कुंडल हे गाव घेऊ. ते 1948 पर्यंत औंध संस्थानात होते. विलीनीकरणानंतर 1949 मध्ये सातारा जिल्हा विभागला गेला, तेव्हा ते दक्षिण साताऱ्यात गेले. 1960 मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. ज्वारीच्या या पट्ट्यात ऊस आणि द्राक्षे वाढली, साखर कारखाना तर कुंडललाच उभा राहिला. कागदावर पीक वाढले की पट्टीने आणखी एक रेघ मारता येई.

संगणकात हे इतके सरळ नव्हते. एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती तक्त्यांत मांडण्याचे प्रतिमान दिले आणि 1974 मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी त्यावर सीक्वेल ही भाषा रचली, तीच पुढे एसक्यूएल झाली. तिच्या क्वेरीत, म्हणजे माहिती मागणाऱ्या विधानात, मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवून ती मागाहून भरता येतात. रकान्यांची नावे तशी भरता येत नाहीत. त्यामुळे काम दोन टप्प्यांत करावे लागते: पहिली क्वेरी नोंदींतून वेगवेगळी पिके वेचते, त्या यादीवरून प्रोग्राम दुसऱ्या क्वेरीचा मजकूर तयार करतो आणि मग ती चालवतो. तक्त्याचेच रकाने अज्ञात असतील, तर यादी डेटाबेसच्या अंतर्गत सूचीतून मिळते. ही सूचीही साध्या तक्त्यांसारखीच विचारता यावी, असा नियम कॉड यांनी 1985 मध्ये मांडला. 1992 च्या एसक्यूएल मानकाने तिला ठरावीक रूप दिले.

खरी जोखीम नावांतच आहे. ‘ऊस’ आणि ‘उस’ अशी दोन रूपे नोंदली गेली, तर गोषवाऱ्यात दोन रकाने उभे राहतात आणि क्षेत्र विभागले जाते. बाहेरून आलेला मजकूर न तपासता क्वेरीत जोडला, तर नावाच्या जागी आज्ञाच घुसवता येते. 1998 पासून या हल्ल्याची जाहीर चर्चा आहे. म्हणून प्रत्येक नाव मंजूर यादीशी ताडून, अवतरणात बंद करूनच वापरावे लागते. महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवर पीक स्वतः नोंदवतो, तेव्हा प्रमाण पीक-यादीचे मोल आणखी वाढते. साठवण मात्र नमुना बारासारखीच, एका पिकाची एक ओळ अशी ठेवणे उत्तम. रकाने गोषवारा छापताना पाडावेत.