दहाचे बारा होताना : संमतिवयाच्या कायद्याची गोष्ट

कायदा कोण बदलतं, असं विचारलं की आपण चटकन संसदेचं नाव घेतो. आज ज्या कायद्याबद्दल बोलायचंय, त्यात बदलला तो फक्त एक आकडा. दहाच्या जागी बारा. पण त्या आकड्यासाठी मुंबई, पुणं, कलकत्ता आणि लंडन ही चारही शहरं काही वर्षं नुसती धुमसत होती.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत एक तरतूद होती. पत्नी दहा वर्षांपेक्षा लहान असेल, तर तिच्याशी नवऱ्याने ठेवलेला संबंधही बलात्कार मानला जाई. दहा पूर्ण झाली की कायदा दाराबाहेर थांबे. लग्नं आठव्या-नवव्या वर्षी होत होती, तेव्हा हा दहाचा आकडा कुणाला खटकलाही नाही.

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी या पारशी पत्रकाराने बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर दोन टिपणं लिहून सरकारकडे आणि देशभरच्या मोठ्या माणसांकडे पाठवली. सरकारने सगळ्यांची मतं मागवली, वाचली आणि १८८६ मध्ये हात वर केले. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन होतं, आणि सत्तावन्नची आठवण अजून ताजी होती. समाज शांत असेल तर कशाला डिवचा, हा हिशेब. मलबारींना आपल्याकडून उत्तर मिळालं ते असं, की तुम्ही पारशी, तुमचा इथे संबंध काय?

त्याच वर्षी, १८८४ मध्ये, मुंबईत एक खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली रखमाबाई आपल्या आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे वाढली, शिकली आणि नवऱ्याकडे, म्हणजे दादाजी भिकाजींकडे, नांदायला जायला नकार दिला. दादाजी कोर्टात गेले. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' या नावाने पत्रं लिहिणारी हीच, हेही आता लोकांना कळलं होतं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. बडोदा-सुरतेकडच्या मंडळींसाठी सांगतो, पुढे तिने सुरतेच्या आणि राजकोटच्या दवाखान्यांत अनेक वर्षं काम केलं.

या खटल्याने संमतिवयाचा आकडा हलला नाही. पण इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना एक चेहरा मिळाला. १८९० मध्ये मलबारी स्वतः तिकडे गेले आणि तिथली बडी मंडळी गोळा केली. आता दबाव वरून येऊ लागला.

आणि १८९० मध्येच कलकत्त्यात फुलमणी गेली. दहा वर्षं पूर्ण झालेली मुलगी. नवरा हरिमोहन मैती, तिच्याहून खूप मोठा. त्याच्यामुळे झालेल्या इजेने तिचा मृत्यू झाला. पण ती दहाच्या पुढे असल्यामुळे बलात्काराचा आरोप लागूच होईना. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी ५५ स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयला अर्ज केला आणि स्वतः पाहिलेल्या अशा मुलींच्या हकीकती त्यात नोंदवल्या. माझ्या मते या सगळ्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. बाकीचे श्लोक मोजत होते.

हो, श्लोकच. ९ जानेवारी १८९१ ला कायदेमंत्री स्कोबल यांनी विधेयक मांडलं आणि भांडण लागलं ते गर्भाधान संस्कारावर. ऋतुप्राप्तीनंतर लगेच तो संस्कार व्हायलाच हवा, बाराच्या आत मुलगी शहाणी झाली तर धर्म पाळणारा नवरा गुन्हेगार ठरेल, असं विरोधक म्हणत. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रग्रंथ काढून तसं बंधन नाही हे दाखवलं. टिळकांनी त्यांचा अर्थ खोडला. केसरी विरोधात, आगरकरांचा सुधारक बाजूने, आणि दोन्ही पुण्यातच.

टिळकांना मात्र नुसतं सनातनी म्हणून बाजूला सारू नका. १८९० मध्ये त्यांनीच सुचवलं होतं की मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको, आणि हे नियम आधी सही करणाऱ्या सुधारकांनी स्वतःला लावून घ्यावेत. त्यांचा आक्षेप परक्या सरकारने कायदा करण्यावर होता. त्यात तथ्य होतं. पण फुलमणीच्या वयाच्या मुलींना स्वराज्य येईपर्यंत थांबायला सांगणं, हे मला आजही पटत नाही.

कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाली. कौन्सिलात सर रमेशचंद्र मित्रांनी विरोध केला, पुण्याच्या कृष्णाजी लक्ष्मण नूलकरांनी पाठिंबा दिला. १९ मार्चला कायदा मंजूर झाला.

आता विरोधकांनी काय मिळवलं ते बघा, कारण हा भाग सहसा सांगितला जात नाही. दहा ते बारा वयाच्या पत्नीच्या बाबतीत असा गुन्हा फक्त जिल्हा मॅजिस्ट्रेटने किंवा मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांतल्या मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटनेच दाखल करून घ्यायचा, आणि तपासात इन्स्पेक्टरच्या खालचा पोलीस नको, अशी व्यवस्था झाली. म्हणजे खेड्यातल्या आईबापांना फौजदाराकडे जाऊन काही उपयोग नव्हता. आकडा सुधारकांना मिळाला, अंमलबजावणी विरोधकांना.

सरकारने आणखी एक गोष्ट केली. कायद्याविरुद्ध रान उठवणाऱ्या कलकत्त्याच्या 'बंगबासी' पत्रावर त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला भरला. १२४-अ कलमाखालचा हा पहिला मोठा खटला. ज्युरीचं एकमत झालं नाही, माफीवर प्रकरण मिटलं. पण मुख्य न्यायाधीश पेथरम यांनी राजद्रोहाचा जो अर्थ लावला होता तो राहिला, आणि १८९७ मध्ये मुंबईत न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्याचाच आधार घेतला. आरोपीच्या पिंजऱ्यात होते टिळक. शिक्षा झाली अठरा महिने.

पुढे १९२५ मध्ये पत्नीसाठीचं वय तेरा झालं. अमरावतीच्या मोरोपंत जोशींच्या समितीने देशभर साक्षी घेतल्या. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, पण तो लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३० पासून, आणि मधल्या सहा महिन्यांत लोकांनी घाईघाईने लेकरांची लग्नं उरकून घेतली. १९४९ मध्ये पत्नीसाठीचा आकडा पंधरा झाला आणि तिथेच अडकला. २०१२ मध्ये पॉक्सो कायद्याने अठराखालचं प्रत्येक मूल संरक्षणाखाली आणलं, तरी दंड संहितेतला नवऱ्यासाठीचा अपवाद पंधरावरच होता. तो अठरावर आणला सर्वोच्च न्यायालयाने, ११ ऑक्टोबर २०१७ ला. त्या दिवशी कुठल्या मैदानावर सभा झाली नाही.