‘लूट’ हा शब्द कुणाचा?

माधवनगराला लागून जाणारा पुणे-मिरज लोहमार्ग आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. याच मार्गावर उत्तरेला शेणोली आहे. तिथे 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून ती रक्कम ताब्यात घेतली. जूनमध्ये वृत्तपत्रांत हिची आठवण निघते ती बहुधा ‘शेणोलीची रेल्वे लूट’ म्हणून. लिहिणाऱ्याचा हेतू गौरवाचाच असतो. शब्द मात्र पोलिसांच्या नोंदवहीतला.

कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, या शब्दावर हरकत घेत. इंग्रजांनी लोकांकडून चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे पी. साईनाथ यांनी नोंदवून ठेवले आहे. वयाची नव्वदी ओलांडलेला माणूस एका शब्दासाठी भांडतो, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी सहज घेऊ नये.

‘पत्री सरकार’ या नावाचे तेच. तळपायाला पत्री ठोकतात, या वदंतेतून आलेले हे नाव छापणाऱ्यांना इतके भावले की ‘प्रति’ मागे पडले. शिक्षा तळव्यांवर काठीने मारण्याची होती, असे चळवळीतली माणसे सांगत राहिली. गावोगावची न्यायदान मंडळे, कमी खर्चातले विवाह, दारूबंदी, सावकारीला घातलेला लगाम हा राज्यकारभार होता. पण कारभाराचे छायाचित्र निघत नाही, पत्रीचे चित्र डोळ्यांपुढे आपोआप उभे राहते. (शिवाय ‘साताऱ्याचे’ म्हणताना त्यातला वाळवा-तासगावचा मुलूख 1949 पासून वेगळ्या जिल्ह्यात आहे, आणि कुंडल तर तेव्हा औंध संस्थानात होते, हेही विसरले जाते.)

सांगलीच्या तुरुंगफोडीचीही हीच गत. 24 जुलै 1943 म्हटले की वसंतदादांची उडी आठवते. गोळीबारात पडलेले अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव बातमीच्या शेवटच्या ओळीत येतात, कधी तेही नाहीत.

मात्र कॅप्टन भाऊंशी आम्ही पूर्णपणे सहमत आहोत का? मराठी कानाला ‘सुरतेची लूट’ अभिमानाचीच वाटत आली; 2024 साली तिच्यावरून वाद पेटला तेव्हा कुठे या शब्दाला डाग आहे हे अनेकांच्या ध्यानात आले. शेणोलीच्या बातमीत ‘लूट’ लिहिणाऱ्याच्या मनात सुरत असते की पोलिसांची फिर्याद, हे त्यालाही सांगता येणार नाही.

आम्हीही प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे ‘शेणोलीची लूट’ असेच लिहिले. एकदा खोडून ‘शेणोलीची रक्कमजप्ती’ केले. वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, जप्ती तर सरकार करते ना?” आम्ही म्हटले, “हो, त्या वेळी तेच सरकार होते.”