'थिंग' : एका शब्दाचा प्रवास

'थिंग' म्हणजे 'वस्तु' असें मी मुलांना वर्षानुवर्षें शिकविलें. परंतु या शब्दाचा जुना अर्थ वस्तु नव्हे, सभा! जर्मानिक लोक ठरल्या वेळीं उघड्यावर जमून तंटे तोडीत, कायदे ठरवीत. त्या सभेस हें नांव होतें. पुढें सभेपुढील बाब, मग कोणतीहि बाब, आणि शेवटीं निर्जीव वस्तु, असा अर्थ खालीं उतरला. जर्मन 'डिंग'चीहि हीच गत झाली.

उत्तरेस मात्र शब्दानें आपला मान राखला. आइसलंडांत ९३० च्या सुमारास स्थापन झालेली 'आल्थिंग' सभा १८०० मध्यें बंद पडली, १८४५ मध्यें पुन्हा भरली. नॉर्वेची 'स्टोर्टिंग' व डेन्मार्कची 'फोल्केटिंग' आजहि कायदे करतात.

मुलांना मीं शब्द दिला, त्यामागची सभा दाखविली नाहीं, ही रुखरुख मात्र उरली आहे.