मूळकूज
मूळकूज हा वनस्पतींच्या मुळांचा रोग असून त्यात मुळे सडतात आणि पाणी व अन्नद्रव्ये शोषण्याची त्यांची क्षमता नष्ट होते. कुंडीतील शोभेची झाडे, परसबाग व फळबागा या सर्वांत तो आढळतो.

कारणे
मातीतील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्यास मुळांना प्राणवायू मिळत नाही व ती दुर्बल होतात. अशा मुळांवर फ्युजेरियम, रायझोक्टोनिया, पिथियम, फायटोफ्थोरा इत्यादी रोगकारक जीव वाढतात. पैकी शेवटचे दोन खरे कवक नसून त्यांचे चल बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. फायटोफ्थोरा हे नाव अँटन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये दिले. त्याचा ग्रीक अर्थ 'वनस्पतिनाशक' असा आहे.

लक्षणे
माती ओली असूनही झाड कोमेजते, पाने पिवळी पडतात व वाढ खुंटते. निरोगी मुळे बहुधा पांढरट व टणक असतात; रोगट मुळे तपकिरी, मऊ व दुर्गंधीयुक्त होतात आणि ओढल्यास साल निसटून आतील धागा उरतो. कोमेजणे म्हणजे पाण्याची कमतरता, असे समजून पुन्हा पाणी दिले जाते व रोग बळावतो. म्हणून पाणी देण्यापूर्वी बोटभर खोल माती तपासणे आवश्यक ठरते.

अहिल्यानगर जिल्हा
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत मोडतो. तथापि बेसॉल्टपासून बनलेली भारी काळी माती पाणी धरून ठेवते आणि कालव्यांखालील सखल जमिनीत निचरा मंदावतो. जिल्ह्यातील श्रीगोंदे तालुका लिंबाच्या बागांसाठी ओळखला जातो. लिंबूवर्गीय झाडांत फायटोफ्थोरामुळे मुळे कुजतात, तसेच खोडातून डिंक स्रवतो. या विकारास 'डिंक्या' म्हणतात. राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ असून 'साई शरबती' हा कागदी लिंबाचा वाण त्याने विकसित केला आहे.

उपाय
कुंडीतील झाड बाहेर काढून सडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापतात व ते तळाला छिद्र असलेल्या कुंडीत, नव्या भुसभुशीत मातीत लावतात. जुनी माती पुन्हा वापरत नाहीत. बशीत साचलेले पाणी काढून टाकावे लागते. सर्व मुळे कुजली असल्यास झाड वाचत नाही. अशा वेळी निरोगी फांदीपासून नवे रोप करता येते.

फळबागेत निचऱ्यासाठी चर काढतात, वाफसा आल्यावरच पाणी देतात आणि दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवतात. पावसाळ्यापूर्वी खोडास १० टक्के बोर्डो मलम (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी) लावतात. शेणखतात मिसळलेली ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी प्रतिबंधास साहाय्यक ठरते. मात्र निचरा सुधारल्याशिवाय कोणतेही औषध टिकाऊ गुण देत नाही.