मोडीतला सूर्य

सौरविजेचा इतिहास सांगताना आपण बहुधा दोन टोकंच सांगतो. एकीकडे प्रयोगशाळा आणि उपग्रह, दुसरीकडे भडल्यासारखे क्षितिजापर्यंत पसरलेले प्रकल्प. या दोहोंच्या मधे ही वीज सामान्य माणसाच्या घरात शिरली कशी? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या घरगुती सौरविजेचा मागोवा घेताना माझ्या लक्षात आलं, की ही वाट मोडीच्या बाजारातून जाते.

बेल लॅबच्या चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी १९५४ साली सिलिकॉनचा सौरघट जगासमोर मांडला. त्याची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के होती. १९५८ मध्ये तो ‘व्हॅनगार्ड १’ या उपग्रहावर चढला आणि पुढची दहाएक वर्षं अंतराळातच रमला. १९७० च्या सुमारास एका वॅटला साधारण १०० डॉलर मोजावे लागत. इलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञाने एक्सॉन या तेलकंपनीच्या पैशावर ही किंमत २० डॉलरच्या आसपास आणली. त्यासाठी त्याने जे केलं त्यात एक मोठी हिकमत होती: इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने नापास ठरवलेल्या सिलिकॉनच्या चकत्या त्याने वापरल्या. म्हणजे जमिनीवरच्या स्वस्त सौरविजेचा जन्मच टाकाऊ मालातून झाला. तिचं पहिलं मोठं गिऱ्हाईक कोण, तर समुद्रातल्या तेलविहिरींचे इशारादिवे!

त्याच दशकात शहरं सोडून अनेक तरुण कुटुंबं उत्तर कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो, हम्बोल्ट भागांतल्या डोंगरांत राहायला गेली. जमीन स्वस्त होती, कारण तिथे विजेचे खांब पोहोचले नव्हते. रात्री रॉकेलचे दिवे लागत. मग कुणी गाडीत दुसरी बॅटरी बसवली. गावात जाऊन येईपर्यंत ती भरायची आणि रात्री तिच्यावर गाडीचाच दिवा नि रेडिओ चालायचा. या मंडळींना सौरपट्टी हवी होती ती याच बॅटरीसाठी. विलिट्स गावात जॉन शेफर यांनी १९७८ मध्ये ‘रिअल गुड्स’ हे दुकान काढलं आणि तिथे अशा पट्ट्या मिळू लागल्या. गिऱ्हाइकांत चोरून गांजा पिकवणारेही होते. त्यांच्याकडे रोकड होती आणि वीजकंपनीचा माणूस दारात येणं त्यांना परवडणारं नव्हतं.

या घरांतल्या बहुतेक वस्तूंचा एक पूर्वजन्म असे. बॅटऱ्या गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांतल्या, मालगोदामातल्या किंवा टेलिफोन एक्स्चेंजमधून काढलेल्या. मोटारीची बॅटरी इंजिन चालू करायला क्षणभर जोरकस प्रवाह देते. तिच्या पातळ पट्ट्या रोज रात्री खोलवर रित्या झाल्या, तर लवकर बाद होतात. गोल्फगाडीच्या बॅटरीत जाड पट्ट्या असतात. ६ व्होल्टच्या दोन जोडल्या की १२ व्होल्ट. मात्र ६० वॅटच्या दिव्याला १२० व्होल्टवर अर्धा अँपिअर पुरतो, तिथे १२ व्होल्टवर ५ लागतात. प्रवाह दसपट झाला, की त्याच तारेतली गळती शंभरपट. म्हणून तारा जाड, अंतरं कमी आणि बॅटरी घराला खेटून. हे शहाणपण पाठ्यपुस्तकांआधी शेजाऱ्यांनी एकमेकांना दिलं. १९८७ मध्ये ऑरेगनमधून निघालेल्या ‘होम पॉवर’ या मासिकाने ते छापील केलं.

याच सुमारास दक्षिणेला एक मोठा प्रयोग फसत होता. आर्को या तेलकंपनीच्या सौरशाखेने १९८३ पासून कॅरिझो मैदानात तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा, सुमारे ५ मेगावॅटचा सौरप्रकल्प उभारला. जास्त ऊन मिळावं म्हणून पट्ट्यांच्या बाजूंना आरसे लावले. पट्ट्या तापल्या, काचेखालचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं आणि उत्पादन घसरलं. १९९० च्या दशकात प्रकल्प मोडीत निघाला. पण तपकिरी पट्टी म्हणजे मेलेली पट्टी नव्हे. प्रकल्पाच्या हिशेबात तोट्याच्या ठरलेल्या त्या पट्ट्या डोंगरातल्या छपरांवर गेल्या आणि दिवे, पंप चालवू लागल्या.

या कथेचं नुसतं कौतुक करणं मला पटत नाही. ही स्वस्ताई आभाळातून पडली नव्हती. नव्या मालाची किंमत तेलकंपन्यांनी आणि करसवलतींतून सरकारने आधीच चुकवली होती. शिवाय पट्टीला जे लागू पडतं, ते बॅटरीला नाही. साखळीतली एक जुनी बॅटरी बाकीच्यांनाही ओढून खाली नेते. भरताना निघणारा हायड्रोजन पेट घेतो. आणि शेवटी उरतं ते शिसं.

हा इतिहास आता आपल्याही दारात आला आहे. भारनियमनाने महाराष्ट्राच्या घराघरांत इन्व्हर्टर आणि बॅटरी आणली. आता गच्चीवर आणि शेतपंपांशेजारी पट्ट्या दिसतात. नव्या पट्टीला २५ वर्षांनी सुमारे ८० टक्के क्षमतेची हमी सर्रास मिळते, म्हणजे तेव्हाही ती बरीचशी जिवंत असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौरपट्ट्यांचा समावेश झाला, हे चांगलंच. पण उतरलेली प्रत्येक पट्टी कचरा नसते. तिची उरलेली ताकद मोजून, तसा शिक्का मारून ती विकणारा बाजार उभा राहिला, तर एखाद्या पाड्यावर तिचा दुसरा जन्म सुरू होईल. नाहीतर दिवा लावू शकणारी काच आपण किलोच्या भावाने फोडत बसू.